भागाबाई घोरपडीची अडीचशे सीसी

एका जंगलात एकच वाट होती, आणि तीही धड नव्हती.

वाटेच्या अल्याडच्या खोऱ्यात राजा राहायचा, पल्याडच्या खोऱ्यात प्रजा. मधे ओढा. ओढ्यात गोटे, गोट्यांवर शेवाळ. पुढं कारवीचं रान आणि मग चढ. चढाच्या तोंडाशी ऐनाची दोन झाडं अगदी खेटून उभी होती. त्यांना सगळे जावा-जावा म्हणायचे. एकमेकींना चिकटून राहतात, पण मधून कुणाला सुखानं जाऊ देत नाहीत.

राजा म्हणजे गवा. सिंह नव्हे. सिंह असता तर मीच सांगितलं असतं. मधेमधे विचारू नका.

जंगलाची सुईण होती भागाबाई घोरपड. सांबरीण असो, सशीण असो, उदमांजर असो, बाळंतपणाला भागाबाईच लागायची. पाखरं मात्र तिला बोलवत नसत. अंड्यांपाशी घोरपड कोण बोलवील?

मागल्या साली पल्याडच्या काशी भेकरीचं पहिलं पाडस गेलं. निरोप आला तशी भागाबाई निघाली, पण पायी जायचं म्हणजे अर्धा दिवस. ती पोचली तेव्हा काशी पाडसाला चाटत होती. पाडस हलत नव्हतं. भागाबाईनं सांगितलं तरी काशी चाटायची थांबली नाही.

यंदा काशीला पुन्हा दिवस गेले.

भागाबाई सरळ दरबारात गेली. म्हणाली, "महाराज, मला मोटारसायकल पाहिजे. रानातून जाणारी."

आता घोरपड मोटारसायकल कशी चालवते, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं उठून आपल्या घरी जावं.

राजा भला होता. भल्या राजाला एकच खोड असते, त्याला सगळ्यांना विचारून घ्यावं लागतं. त्यानं तीन गाड्या मागवल्या. एक अडीचशे सीसी, एक साडेतीनशे, एक साडेचारशे. तिन्ही रानातल्या. उंच, सडपातळ, गाठी-गाठीच्या टायरांच्या. तिन्ही फोर-स्ट्रोक. म्हणजे काय ते सांगते. हे इंजिन चार ठोक्यांत एकदा काम करतं. उरलेले तीन ठोके हवा घेण्यात, हवा कोंडण्यात आणि हवा सोडण्यात जातात. दरबाराचंही तसंच होतं, फक्त तिथं चौथा ठोका येत नसे.

जंगलात गाड्यांची तुलना करणारा एक वानर होता, लिंबाजी. कुठलीही गाडी आली की हा फांदीवर बसून चांगली-वाईट सांगायचा आणि खाली सगळे माना डोलवायचे.

लिंबाजी म्हणाला, "साडेचारशेचा जोर वरच्या अंगाला आहे. साडेतीनशेचा मधल्या अंगाला. अडीचशेचा खालच्या अंगाला. शॉकअप तिघींचेही मऊ, पण मऊपणात फरक आहे."

भागाबाईनं विचारलं, "तू चालवल्यास का?"

"वरून बघितल्या."

"खाली उतर की मग. बसून बघ."

"आक्का, एकीवर बसलं की दुसऱ्या दोघी दिसत नाहीत. मग तुलना कशी होणार?"

सगळ्यांनी माना डोलवल्या.

दौलतराव अस्वल उठला. त्याला साडेचारशे हवी होती. "किक मारली की डोंगरावरची पाखरं उडाली पाहिजेत," तो म्हणाला. "आवाज नाही ती गाडी कसली?"

"बाळंतिणीला आवाज कशाला पाहिजे?" भागाबाई म्हणाली. "ती स्वतःच ओरडत असते."

कोल्हा प्रधान म्हणाला, "मधली घ्यावी. मोठी घेतली की लोक विचारतात एवढी कशाला. लहान घेतली की विचारतात एवढीशीच का. मधली घेतली की कुणी काही विचारत नाही."

राणीसाहेब म्हणाल्या, "अडीचशे तर नकोच. राजवाड्यातून बाहेर पडणारी गाडी आणि एवढी बारकी? ओढ्यापलीकडचे काय म्हणतील?"

"ओढ्यापलीकडचे म्हणतील, आली एकदाची," भागाबाई म्हणाली. "महाराज, मी तिन्ही गाड्या वाटेनं नेऊन बघते. ओढ्यातून नेते, जावांमधून काढते, चढ चढवते. मग सांगते कुठली ते."

राजाला ठसकाच लागला.

"चिखलात?" तो म्हणाला. "नव्या गाड्या?"

तर नव्या गाड्या चिखलात घालायच्या नाहीत असं ठरलं. राजवाड्यापुढचं अंगण झाडलं, सडा घातला, कडेनं रांगोळी काढली, आणि चिखलातल्या गाड्या त्या रांगोळीच्या आत गोल-गोल फिरवल्या. तिन्ही सुरेख चालल्या. न चालायला काय झालं? सारवलेल्या अंगणात रांगणारं पोरसुद्धा घोड्यागत पळतं.

भागाबाईचं डोकं तापलं. ती साडेचारशेपाशी गेली आणि तिनं गाडी ढकलून दिली. गाडी धाडकन आडवी. बायका किंचाळल्या. भागाबाईनं शेपूट जमिनीत रोवलं, पाय रोवले, हँडल धरलं आणि जोर लावला. गाडी जागची हलली नाही. मग तिनं साडेतीनशे पाडली. ती गुडघ्यापर्यंत उचलली, तेवढ्यात कमरेत उसण भरली. मग अडीचशे पाडली. ती कण्हत-कुथत का होईना, सरळ उभी केली.

"ओढ्यात मी पडणार," ती म्हणाली. "सगळेच पडतात. तेव्हा उचलायला तुमच्यातलं कुणी येणार नाही. म्हणून ही."

राजालाही ते पटलं. अडीचशे घ्यायची ठरली.

शहाण्यांचं जंगल असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण ज्यांचं ऐकलं गेलं नव्हतं त्यांना आता मोठं मन दाखवायचं होतं. आणि कुणी मोठं मन दाखवायला लागलं की आपण बाजूला सरावं, कारण त्याला जागा फार लागते.

दौलतराव अस्वलानं लेगगार्ड दिलं. चांगलं मनगटाएवढ्या जाड नळीचं, आणि त्यावर पत्रा, 'दौलतराव अस्वल यांजकडून सप्रेम'.

राणीसाहेबांनी साडीगार्ड दिलं.

"राणीसाहेब, मी साडी नेसत नाही," भागाबाई म्हणाली.

"उद्या नेसलीस तर?"

त्यावर राणीसाहेबांचं नाव आणि खाली वेलबुट्टी.

कोल्ह्यानं मागं लोखंडी पेटी बसवली, आत काय ठेवायचं ते न सांगता. लिंबाजीनं लांब दांड्यांचे दोन आरसे दिले. तो म्हणाला, "रानात मागून कोण येतंय ते दिसलं पाहिजे." राजानं सगळ्यांत शेवटी भेट दिली, कारण राजाची भेट मोठी असावी लागते. त्यानं हँडलपुढं एक आडवी नळी लावली, बरोबर आपल्या शिंगांएवढी रुंद. मधोमध राजमुद्रा.

जंगलात चोऱ्या फार, म्हणून नटबोल्ट नकोत असं ठरलं. काजव्यांना बोलावून सगळं वेल्डिंग करून घेतलं.

भागाबाई नको म्हणाली का? म्हणाली की. दोनदा म्हणाली. मग कोल्हा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आक्का, तुमच्या नावाची पाटी कुठं लावायची?"

भागाबाईनं पुढच्या मडगार्डकडं बघितलं.

पुढच्या मडगार्डवर पत्र्याची पाटी लागली. 'भागाबाई, सुईण.' लाल अक्षरात. बाई चिखलाला घाबरत नव्हती, पडायला घाबरत नव्हती, राजाला घाबरत नव्हती. पाटीपाशी घसरली.

गाडीची पूजा झाली. चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी पुढं घेतली तेव्हा लिंबाचा नुसता चोथा उरला. त्या वजनाखाली नारळही फुटला असता, पण तिकडे कुणी बघितलं नाही. सगळे आपापलं नाव वाचत होते.

आठवडा गेला आणि काशीचा नवरा धापा टाकत अल्याड आला. "आक्का, चला. मागचा पाय आधी आलाय."

मागचा पाय आधी येणं वाईट. पुढचे पाय आणि डोकं आधी यावं लागतं.

भागाबाईनं किक मारली. काशीचा नवरा मागं बसला, म्हणजे पेटीवर बसला, कारण सीटवर जागा नव्हती. सपाटीला गाडी वाऱ्यासारखी गेली. ओढ्यात गोट्यावरून चाक सुटलं आणि दोघं पाण्यात. भागाबाईनं शेपूट रोवलं, हँडल धरलं, जोर लावला. अंगणात उचललेली गाडी आता हलेना. काशीच्या नवऱ्यानं आपली एवढीशी शिंगं पेटीखाली घातली, तेव्हा कुठं गाडी उभी राहिली. एक शिंग दुखावलं.

"जड झालीय हो," तो म्हणाला.

"सप्रेम आहे," भागाबाई म्हणाली.

कारवीतून फांद्या मोडत गाडी निघाली आणि जावांपाशी आली. एक आरसा तुटला. राजाची शिंगं डाव्या ऐनाला लागली, दौलतरावांचं लेगगार्ड उजव्या ऐनाला. गाडी अडकली. पुढं जाईना, मागं येईना. नुसती गुरगुरत राहिली. पाना चालवावा तर बोल्ट कुठायत? सगळं वेल्डिंग.

भागाबाई सीटवर उभी राहिली. टाकीवरून, हँडलवरून, स्वतःच्या पाटीवरून चढून पलीकडं उतरली आणि पळत सुटली.

घोरपडीला पळताना तुम्ही बघितलं नसेल. बघू नये. चांगलं दिसत नाही.

ती पोचली तेव्हा काशीचं ओरडणं थांबलं होतं. ते अजून वाईट. भागाबाईला दम लागला होता. तिनं पंजे आधी मातीत दाबून धरले, दम खाली बसेपर्यंत. मग आत घातले. दुसरा पाय शोधला, दोन्ही पाय धरले, काशीला म्हणाली, "आता ओरड. मी आलेय. चांगली शिव्या घालून ओरड." काशी ओरडली. पाडस आलं. निळं होतं, गार होतं. भागाबाईनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, नाकातलं ओढून काढलं. काशी मान वळवून चाटायला लागली.

भागाबाई म्हणाली, "थांब. अजून नको चाटू."

मग पाडसानं कान हलवला. मग ते शिंकलं.

"आता चाट," भागाबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

बऱ्याच वेळानं काशीनं विचारलं, "आक्का, तू गाडीवर येणार होतीस ना?"

"गाडी येतीय मागून."

दरबारात मोठा आनंद झाला. गाडी दिली म्हणून पोर वाचलं, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. दौलतरावांना हार घातला. गाडी अडकली त्याबद्दल लिंबाजी म्हणाला, "गाडीत दोष नाही. झाडं जवळ आहेत."

भागाबाई म्हणाली, "महाराज, लोखंड कापून टाका. खालची गाडी चांगली आहे."

राजा विचारात पडला. "कापायचं ठीक आहे," तो म्हणाला, "पण सुरुवात कुणाच्या नावापासून?"

दौलतराव राणीसाहेबांकडं बघायला लागले. राणीसाहेब कोल्ह्याकडं. कोल्हा लिंबाजीकडं. लिंबाजी वरच्या फांदीवर गेला. राजाकडं कुणी बघितलं नाही. राजाकडं असं बघायचं नसतं.

भागाबाई एकटीच जावांपाशी गेली. मडगार्डवरची आपली पाटी तिनं दातांनी उचकटली आणि ओढ्यात टाकली. गाडी काही सुटली नाही. पाटी कशालाच अडकलेली नव्हती. पण तेवढंच तिच्या हातात होतं.

मग ती बोचकं घेऊन पल्याड राहायला गेली. म्हणाली, तिकडं बाळंतिणी जास्त आहेत.

अल्याड कुणाला फार वाईट वाटलं नाही. गाडी होती ना. लोक सहकुटुंब जावांपाशी जायचे, झाडांत अडकलेली गाडी बघायचे, नावं वाचायचे. काहींनी शेंदूर लावला.

पुढं राणीसाहेबांनाच कळा लागल्या. दिवस भरायच्या आधीच. कावळ्याकडून पल्याड निरोप गेला, लगेच या. भागाबाईनं उलटा निरोप धाडला, "निघते. पण पायी अर्धा दिवस लागतो. गाडी पाठवा."

त्या दिवशी करवत सापडली.

सुरुवात कुणाच्या नावापासून, हे कुणी विचारलं नाही. राजा स्वतः आपली शिंगं धरून उभा राहिला आणि "काप, काप" म्हणत होता, म्हणजे नळीची शिंगं. लेगगार्ड गेलं, साडीगार्ड गेलं, पेटी गेली. पेटीत काहीही नव्हतं. गाडी जावांमधून अशी सुटली की जणू कधी अडकलीच नव्हती.

"आता पल्याड कोण नेतंय?" राजानं विचारलं आणि वर बघितलं. "लिंबाजी, तुला तिन्ही गाड्या माहीत आहेत. त्यांतली एक घेऊन जा."

लिंबाजी पहिल्यांदाच खाली उतरला. वाटेत किती वेळा पडला ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण दर वेळी गाडी एकट्यानं उचलली, एवढं त्याच्या ढोपरांवरून कळत होतं. चढाच्या माथ्यावर त्याला पायी येणारी भागाबाई भेटली. तिनं त्याला मागं बसवलं आणि गाडी वळवली.

गव्याचं रेडकू सुखरूप झालं. बारसं थाटात झालं. भागाबाईला मानाची जागा होती, अगदी राजाशेजारी.

जेवणं झाल्यावर दौलतराव अस्वल उठले, घसा खाकरला आणि म्हणाले की या शुभप्रसंगी गाडीसाठी आपल्याकडून एक छोटीशी भेट आहे. दोन पोरं ती भेट ओढत घेऊन आली. लेगगार्डच होतं. या वेळी नळी जास्त जाड होती, कारण त्यावर रेडकाचंही नाव बसवायचं होतं.

तात्पर्य : रानात न्यायची गाडी निवडताना जोर, वजन, सीटची उंची असलं काही बघत बसू नये. नावं घालायला जागा किती आहे ते बघावं. सुईण काय, पळत येतेच.