विनंती खोडणारे अण्णा

एकेचाळिसाव्या वर्षी, ओठावर भरघोस मिशी असताना, मी कलबुर्गीच्या एका शाळेला ‘मी एक तडफदार तरुणी आहे’ असं लेखी कळवलं. इंग्रजीत. मोबाइलवर नोकरीच्या अर्जाचा आयता नमुना मिळाला होता. खालचं नाव बदललं, वरचं वाचलं नाही. शाळेतून फोन आला, “मॅडम आहेत का?” मी म्हणालो, “राँग नंबर.”

आमची शाळा बंद पडून सात महिने झाले होते. मी तिथं प्रयोगशाळेत मदतनीस होतो. तेव्हा बायकोनं मला दंडाला धरून मैलूरच्या अण्णांपुढं उभं केलं.

अण्णा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले टंकलेखक. झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक टेबल, एक बाकडं आणि एक लाल पेन घेऊन बसतात. नोकरीचे अर्ज लिहून देतात. त्यांच्या टेबलावर ‘विनंती’, ‘कृपा’ आणि ‘उपकार’ या तीन शब्दांना बंदी आहे. कुणी लिहून आणलेच, तर लाल पेन असं चालतं की कागद फाटतो.

“माझ्या बापाची हयात हात जोडण्यात गेली,” अण्णा म्हणतात. “मी हात जोडून लिवणार न्हाई. माणूस पायजे म्हणून जाहिरात कुणी दिली? त्येंनी का तू? मंग रडायलास कामून?”

मी माझा नवा मसुदा पुढं केला. प्रामाणिक, मेहनती, हसतमुख.

“बैल विकतानी बी हेच सांगतेत,” अण्णा म्हणाले. “तुझ्या हातानं काय झालं, ते बोल. मराठीत बोल. मराठीत खोटं लगेच कळतंय. इंग्रजी मी मंग करतो.”

माझ्या हातानं काय झालं होतं? स्वच्छतेच्या भरात मी एकदा प्रयोगशाळेतल्या साऱ्या बाटल्या घासल्या होत्या. बाटल्या लख्ख झाल्या, चिठ्ठ्या वाहून गेल्या. आम्ल कुठलं नि पाणी कुठलं, कुणालाच कळेना. मग रविवारी विज्ञानाच्या सरांना बसवून एकेक बाटली तपासून घेतली आणि प्रत्येकीवर कन्नड, मराठी, उर्दू अशा तीन चिठ्ठ्या चिकटवल्या. पुढं शाळा बंद होईपर्यंत एकाही पोराचा हात भाजला नाही.

“हेच लिवायचं.”

“अण्णा, ही तर चूक आहे माझी!”

“व्हय. पण तुझी हाय. तरुणी तर दुसऱ्याची व्हती.” त्यांनी कागद ओढला. “आन् पाठवायचं त्याच शाळेला.”

मी पाया पडायचा बाकी राहिलो, पण पाया पडण्यालाही तिथं बंदी. पत्राची सुरुवात अशी झाली: ‘माझ्या आधीच्या अर्जातलं वर्णन माझं नव्हतं. हे माझं आहे.’ मग बाटल्या. शेवटी, ‘अशा माणसाची गरज असल्यास कळवावे.’ बस्स. मला उभं करून त्यांनी ते तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं. “मान वर! साहेब समोरच्या भिंतीवर हाय समज, जमिनीवर न्हाई!” झेरॉक्सवाला हसून हसून कागद उलटे घालत होता.

नोकरी लागली. मुलाखतीत मुख्याध्यापिकाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “ती तरुणी कुठं आहे?”

पेढे घेऊन गेलो, तर अण्णा एकटेच बाकड्यावर. “कलबुर्गीला ऱ्हाणार का आता?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. “चांगलं झालं,” म्हणाले आणि पेढा हातातच धरून बसले. “मी लिवलं की मानूस जातंय. कुणी हैदराबादला, कुणी बंगळूरला. आमची लेक सुजाता बी. पैलं पत्र तिचंच लिवलं मी. पैल्याच फटक्यात पुन्याला लागली.”

टेबलावर पेनाखाली एक कागद होता. ‘चि. सुजाता,’ एवढंच शाबूत. खाली एक ओळ होती, ती लाल शाईनं खोडलेली. कागद तिथंच फाटला होता. मी वाकून पाहिलं. ‘विनंती आहे की या दिवाळीला तरी’ इतकं लागलं.

“किती दिवस झाले या पत्राला?”

“दोन वर्सं.” अण्णांनी कागद उलटा केला. “त्यो शब्द घालवला तर पत्र हुकूम वाटायलंय. ठेवला तर माझं न्हाई वाटत.”

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी मूर्खपणा करतोच.

“अण्णा, मी लिहून देऊ का तुमच्या वतीनं?”

अण्णांनी मला पायापासून मिशीपर्यंत न्याहाळलं.

“तू? नगं बाबा. तू लिवलास तर मी तिची मावशी निघंन.”