जहाजाची खोली कोणी पळवली?

“माझ्या नजरेतून आयुष्यात एकच गोष्ट सुटली आहे,” सासरेबुवा म्हणाले, “आणि ती कोणती, हे मला अजून कळलेलं नाही.”

जावयाने मान हलवली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मान हलवण्यात आता त्याचा हात कोणी धरला नसता.

“गुन्हेगारांचा कर्दनकाळ, पुराव्यांचा पारखी आणि बंद दारांचा जाणकार,” सासरेबुवांनी स्वतःची ओळख पुढे चालू ठेवली. खोलीत त्यांना न ओळखणारं कोणीही नव्हतं. त्यातली बंद दारांची गोष्ट मात्र खरी होती. एकतीस वर्षं ते लिफ्ट तपासनीस होते. निवृत्तीनंतर त्यांनी गुन्हे तपासायला घेतले. गुन्हे मिळेनात, तेव्हा जे मिळेल ते तपासायला घेतलं. आतापर्यंत त्यांच्या नावावर तीन प्रकरणं होती: हरवलेली छत्री (छत्री त्यांच्याच हातात होती), जिन्यातला संशयित इसम (रंगारी होता, जिना रंगवत होता) आणि तिसरं, ज्याबद्दल सासूबाईंसमोर बोलायचं नाही.

जावई चष्म्याच्या दुकानात काम करायचा. त्यामुळे बारीक अक्षर वाचायचं काम सासरेबुवांनी त्याच्याकडे सोपवलं होतं, आणि त्याबद्दल त्याला ‘सहायक’ हा हुद्दा दिला होता. हुद्दा परत करायची सोय नव्हती.

चौथं प्रकरण मात्र गंभीर होतं.

घरात माणसं दहा. सासरेबुवा, सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सून, त्यांची जुळी, मुलगी आणि जावई, त्यांची एक लेक, आणि सासूबाईंची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांची मावशी. सगळ्यांनी मिळून राईड्सच्या त्या मोठ्या पार्कात जायचं ठरलं होतं आणि तिथल्याच रिसॉर्टमध्ये राहायचं होतं. पण मागच्या सहलीत तीन मजल्यांवर तीन खोल्या मिळाल्या होत्या. टूथपेस्ट चौथ्या मजल्यावर, ब्रश सहाव्या आणि दात सगळीकडे. “मी सहलीला गेले होते की लिफ्टला?” असं सासूबाई अजून विचारायच्या, आणि ‘लिफ्ट’ म्हणताना नवऱ्याकडे बघायच्या.

त्यानंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सात महिने त्या घरात होत्या. सगळे भेटायला यायचे, पण दोन-दोन, तीन-तीन करून, पाळ्या लावल्यासारखे. म्हणून या वेळी त्यांनी एकच अट घातली होती.

“एका सकाळी डोळे उघडले की दहाच्या दहा डोकी एका खोलीत दिसली पाहिजेत. नाहीतर तुम्ही जा. मी घरी बरी.”

हे त्या चिडून म्हणाल्या असत्या तर समजूत घालता आली असती. त्या शांतपणे म्हणाल्या होत्या.

रिसॉर्टमध्ये बाकी सगळ्या खोल्या चौघांच्या. दहा जणांची एकच होती. समुद्री चाच्यांच्या जहाजासारखी बांधलेली, गोल खिडक्या, भिंतीला लागून दोन मजली पलंग. ती हव्या त्या तारखेला मोकळी होती. पण आज संध्याकाळी पाचपर्यंतच. त्यानंतर उरलेल्या सगळ्या खोल्या कुठल्याशा कंपनीच्या सहलीला जाणार होत्या.

बुकिंगचं काम सासरेबुवांकडे दिलं होतं. म्हणजे त्यांनी ते घेतलं होतं. आणि दुपारी दोन वाजता त्यांनी कॉम्प्युटरवर ती खोली उघडली, तेव्हा तिच्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘सध्या उपलब्ध नाही.’

“पळवली,” सासरेबुवा समाधानाने म्हणाले.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. जावयाचा सासरेबुवांवर पूर्ण विश्वास होता, म्हणूनच तो टेबलाखाली स्वतःच्या फोनवरही तीच खोली बघत होता. दोन वाजून वीस मिनिटांनी ती अचानक मोकळी झाली. त्याने झटकन ‘निवडा’ दाबलं. खोली वीस मिनिटांसाठी त्याच्या नावाने राखली गेली आणि समोर अर्ज उघडला: दहाही जणांची नावं, राईड्ससाठी उंची आणि जन्मतारीख. त्याने भराभर भरलं. मावशींच्या जन्मतारखेपाशी गाडी अडली.

तो पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला.

“आई, मावशींचा जन्म कधीचा हो?”

“ती सांगू नको म्हणालीये,” सासूबाई म्हणाल्या. “शपथ घातलीये मला.”

प्रत्यक्ष मावशींना विचारायची त्याची छाती झाली नाही. मावशी मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या होत्या, पण ते फक्त शाळेला कळलं होतं. विचार करता करता वीस मिनिटं संपली, खोली सुटली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा लाल झाली. जावई मूग गिळून गप्प बसला. सासरेबुवांच्या पाठीमागे आपण बुकिंग करत होतो, हे त्यांना कळलं असतं तर ते रुसून गॅलरीत जाऊन बसले असते. मागच्या वेळी दोन दिवस बसले होते. जेवण घ्यायला तेवढे आत यायचे.

“जावईबापू, वाचा,” सासरेबुवांनी आज्ञा केली.

“कमाल दहा माणसं.”

“दहा माणसं!” सासरेबुवा उभे राहिले. “कमाल दहा माणसं, सहाशे ऐंशी किलो! ही लिफ्टची क्षमता आहे. गुन्हेगार माझ्या क्षेत्रातला आहे.”

“बाबा, किलोचं इथे काही लिहिलेलं नाही.”

“लपवलंय.”

त्यांनी लगेच घरातल्या सगळ्यांची वजनं गोळा करायला घेतली. सुनेने आपलं वजन सांगायला साफ नकार दिल्यामुळे तिचं नाव संशयितांच्या यादीत पहिलं लागलं. जुळ्यांनी एकमेकांचं सांगितलं.

दुसरा सिद्धान्त फोटोतून निघाला. रिसॉर्टच्या पानावर त्या खोलीचा फोटो होता आणि त्यात एक मोठं कुटुंब पलंगांवर बसून हसत होतं.

“मोजा,” सासरेबुवा म्हणाले.

“दहा.”

“बस. हेच ते. शिरलेत आणि निघतच नाहीयेत.”

“बाबा, ही जाहिरात आहे.”

“म्हणूनच हसतायत, बघा ना! फुकट राहणाऱ्याच्या तोंडावर असंच हसू असतं. दोन वाजल्यापासून एकानेही तोंड मिटलेलं नाही.”

जावयाने फोटो पुन्हा बघितला. ते खरं होतं.

तीन वाजता सासरेबुवांच्या लक्षात आलं की खोली बरोबर वीस-वीस मिनिटांनी क्षणभर मोकळी होते आणि परत जाते. त्यांनी तीनदा बोट पुढे केलं, तीनदा उशीर झाला. “वीस मिनिटं,” ते फेऱ्या मारत पुटपुटले. “दर वीस मिनिटांनी हा माणूस खोली सोडून उठतो. का उठतो? जावईबापू, आपल्याला मूत्राशयाची तक्रार असलेला इसम शोधायचा आहे.”

एवढ्यात जिन्यात काहीतरी धप्पकन वाजलं. सासरेबुवा दार उघडून बाहेर झेपावले. सासरेबुवांचं झेपावणं म्हणजे आधी एक चप्पल, मग दुसरी, मग चष्मा. पण वरच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर अजून तिथेच होते. त्यांच्यापाशी एक भली मोठी बॅग होती आणि ती त्यांना उचलत नव्हती.

“प्रवास?” सासरेबुवांनी डोळे बारीक केले.

“नाही हो. दवाखान्यात चाललोय.”

“सुट्टीच्या दिवशी. एवढी बॅग घेऊन. किती जण आहात?”

“मी एकटाच आहे की.”

“मग एकट्याला दहा जणांची खोली कशाला?”

“कुठली खोली?”

“जावईबापू, लिहून घ्या. अज्ञानाचं सोंग.”

जावयाकडे लिहायला काही नव्हतं. त्याने हवेत लिहिलं.

“बॅगेत काय आहे?”

“जबडे,” डॉक्टर म्हणाले.

सासरेबुवा एक पायरी मागे सरकले. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी बॅग उघडून दाखवली. आत पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे होते, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले.

“किती आहेत?” सासरेबुवांचा आवाज घोगरा झाला.

डॉक्टरांनी मोजले. “दहा.”

सासरेबुवांनी कठडा घट्ट धरला. एका क्षणात त्यांच्या डोळ्यांसमोर फोटोतली ती दहा माणसं उभी राहिली, तोंडं उघडी. “सगळे दात दिसत होते,” ते हळूच म्हणाले. “मला तेव्हाच खटकलं होतं.”

डॉक्टरांना सोडवायला अर्धा तास गेला. शेवटी घराण्याची अब्रू राखायला जावयानेच ती बॅग उचलली आणि दवाखान्यापर्यंत पोचवली. दहा जबड्यांचं वजन किती होतं, हे त्याला पुढचे चार दिवस खांद्यात कळत होतं.

तो परत आला तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि कॉम्प्युटरवर ओला टॉवेल टाकलेला होता.

“जवळ जाऊ नका,” सासरेबुवा दाराआडून म्हणाले. “बॉम्ब आहे.”

“काय?”

“खोली मोकळी दिसली, मी बोट मारलं. त्याबरोबर घड्याळ सुरू झालं. उलटं मोजतंय! वर मला माझी उंची विचारतोय, जन्मतारीख विचारतोय. सगळ्या घराची माहिती मागतोय. गुन्हेगाराला कळलंय की मी मागावर आहे.”

जावयाला त्या घड्याळाचा अर्थ लगेच कळला. तो टॉवेलकडे झेप घेणार, तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मागे मुलगा, सून, मुलगी. तिघांच्या हातात तीन फोन, आणि तोंडं काच फोडल्यावर पोरांची असतात तशी.

“मला एक सांगा,” सासूबाई म्हणाल्या. “दुपारपासून माझ्या बहिणीची जन्मतारीख मला चौघांनी विचारली. पहिल्यांदा हा. मग जावईबापू. मग ही, मग सूनबाई. मग परत हा. आज तिचा वाढदिवस नाही, कुणाला तिची पत्रिका बघायची नाही. म्हटलं, चाललंय काय? म्हणून आत्ता एकेकाचा फोन बघितला. सगळ्यांच्या फोनवर तीच जहाजाची खोली.”

खोलीत कोणी कोणाकडे बघितलं नाही.

“तू पण?” जावई बायकोला म्हणाला.

“मला वाटलं बाबांकडून होणार नाही,” ती म्हणाली. “आणि तुझ्याकडून तर नाहीच.”

“मी तर दोनच्या आधीच धरली होती,” मेव्हणा म्हणाला. “मावशीपाशी अडली.”

“माझीसुद्धा,” सून म्हणाली.

या घराची ही रीतच होती. एखादं काम एकावर सोपवलं की बाकीचे बिनघोर व्हायचे आणि मग गुपचूप तेच काम करून ठेवायचे. मागच्या महिन्यात मीठ संपलं तेव्हा घरात पाच पिशव्या आल्या होत्या.

“म्हणजे दुपारभर तुम्हीच ती खोली आळीपाळीने धरून बसलात,” सासूबाई म्हणाल्या. “एक सोडतो, दुसरा पकडतो. बाहेरचा कोणी नव्हताच.”

“टोळी होती,” सासरेबुवा स्वतःशी म्हणाले. “तेही घरातच.”

“आत्ता कोणाकडे आहे?” सासूबाईंनी विचारलं.

तिघांनी फोन वर केले. तिन्ही लाल. जावयाने आपला काढला. लाल. मग तो पुढे झाला आणि त्याने टॉवेल ओढला.

बॉम्बवर सहा मिनिटं बारा सेकंद उरली होती.

“बाबा, खोली तुमच्याकडे आहे,” जावई म्हणाला. “तुम्ही पकडलीये.”

सासरेबुवांचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला. “अर्थात,” ते म्हणाले. “पकडल्याशिवाय मी राहतो का?”

पुढची सहा मिनिटं त्या घराने पूर्वी कधी पाहिली नव्हती. जावई टाइप करू लागला. सून आणि मुलगी जन्मतारखा ओरडून सांगू लागल्या. जुळी भिंतीला लावून मोजली. टाचा उचलल्या म्हणून परत मोजली. सासरेबुवांनी आपली उंची निवृत्तीच्या आधीची सांगितली. सुनेने वजन विचारत नाहीत याची दोनदा खात्री करून घेतली. नऊ रकाने भरले आणि घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद उरले.

मावशी दिवाणखान्यात पेपर वाचत होत्या. सगळं घर त्यांच्यासमोर जाऊन उभं राहिलं, उंचीप्रमाणे.

“ताई,” सासूबाई म्हणाल्या, “तारीख सांग.”

“अजिबात नाही.”

“मग मला नाही जाता येत.”

मावशींनी पेपर खाली घेतला. बहिणीकडे बघितलं, तिच्या गुडघ्याकडे बघितलं. मग उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या.

“सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे.”

नऊ जणांनी तोंडं भिंतीकडे केली. एका बोटाने आठ बटणं दाबल्याचा आवाज आला, फार सावकाश. तिसऱ्या बटणाला सासरेबुवांची मान किंचित हलली.

“कोण वळलं?”

“मी नाही, बाई,” सासरेबुवा म्हणाले.

सगळे परत वळले. मावशी तारखेवर तळहात ठेवून बसल्या होत्या. सदतीस सेकंद होते, आणि खाली आणखी एक रकाना उगवला होता. जावयाने वाचला: “‘गटप्रमुखाचं नाव.’”

सासरेबुवांनी घसा साफ केला. शर्टाची कॉलर नीट केली. एक पाऊल पुढे टाकून ते म्हणाले, “लिहा, जावईबापू. आधी हुद्दा लिहा. गुन्हेगारांचा…”

सासूबाईंनी जावयाला हाताने बाजूला केलं, मावशींच्या खांद्यावरून वाकल्या, आपलं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर हिरवं जहाज डुलू लागलं. खोली मिळाली होती. जुळी पलंग वाटून घेऊ लागली. मेव्हणा आणि जावई, दुपारभरचे शत्रू, एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि पदराने उगाचच चष्मा पुसत बसल्या.

सासरेबुवा मात्र अजून एक पाऊल पुढेच उभे होते. जावई त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि सहायक या नात्याने ते त्याच्यावरच येत होतं.

“बाबा, नाव राहून गेलं तुमचं.”

“राहून गेलं नाही,” सासरेबुवा खालच्या आवाजात म्हणाले. “मीच राहू दिलं. आपण त्या जहाजावर वेश पालटून जाणार आहोत.”

“कोणत्या वेशात?”

सासरेबुवांनी बायकोकडे बघितलं. ती बहिणीशी हसत काहीतरी बोलत होती, सात महिन्यांत बोलली नव्हती इतकं.

“हिचा नवरा,” ते म्हणाले. “कोणालाही संशय येणार नाही.”