देवघरातलं अपील

हयवदनाने ठरवलं ते इतकंच, की कागद सकाळपर्यंत घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवायचे. यात चूक काय, सांगा! पण चामराजपेटेतल्या त्या घरात सुरक्षित जागा एकच होती, ती म्हणजे देवघरातली फळी. बायकोने, म्हणजे कावेरीने, मागचा एक मसुदा बंब पेटवायला वापरला होता (आणि पाणी छान तापलं, असंही वर सांगितलं होतं). देवघराच्या फळीला मात्र हात लावायची कुणाची टाप नव्हती. तिथे पद्मावतीआत्याचं मडी चाले. मडी म्हणजे आपलं सोवळंच, पण बेंगळुरात येऊन जास्त कडक झालेलं. त्या फळीवर उंदीरसुद्धा आंघोळ करून चढत असावेत.

कागद होते परसूच्या अपिलाचे. परसू चिकपेटेतला हमाल. साड्यांचा गठ्ठा चोरल्याच्या आरोपावरून आत गेलेला. वकील करायची ऐपत नाही, म्हणून कोर्टानेच त्याला हयवदन नेमून दिला. (हयवदनालाही दुसरं कुणी नेमलं नव्हतं, तेव्हा दोघे एकमेकांना बरे मिळाले.) अपील दाखल करायची मुदत उद्या संपत होती. उद्या चुकलं की परसू आतच.

म्हणून संध्याकाळी, आत्या मठात पुराणाला गेलेली पाहून, हयवदनाने गठ्ठा चंदनाच्या डबीमागे सारला आणि निवांत झोपला.

सकाळी कोट चढवतोय तोच देवघरातून हाक आली. हाक कसली, अख्ख्या गल्लीला समन्स!

"हयवदना! हे काय आहे?"

"अपील आहे आत्या."

"कुणाचं?"

"परसूचं."

"कुठला परसू?"

"तो... तुरुंगातला."

आतली घंटा वाजता वाजता थांबली.

"अय्यो! तुरुंगाचे कागद माझ्या देवाजवळ? सगळं मैलिगे केलंस, विटाळलंस! उचल ते!"

"आलो, आलो," म्हणत हयवदन उंबऱ्याशी पोचला.

"खबरदार! कोटात येतोस? आधी आंघोळ. ओलेत्याने ये."

आता आली पंचाईत. ओलेत्याने जावं तर कागदावरची शाई विरघळणार, आणि कोरड्याने जावं तर आत्या काही विरघळणार नाही. आत्या स्वतः मडीत, म्हणून ती कागदाला शिवेना. कावेरीला बोलवावं, तर ती स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात कोंबून उभी.

"हसतेस काय? सुचव काहीतरी!"

"अहो, काठी घ्या की."

मडीचे कपडे उंच दांडीवरून खाली घ्यायची काठी असते ना, ती. हयवदनाने उंबऱ्याबाहेर उभं राहून काठी आत घातली आणि गठ्ठा ओढायला सुरुवात केली. वकिलीत त्याने इतका नेम धरून कधी युक्तिवाद केला नसेल. गठ्ठा सरकला. आणखी स्वल्प सरकला. मग चंदनाच्या डबीला घेऊन थेट खाली, देवांच्या पायाशी! वर कुंकवाचा करंडा कलंडला, आणि तुळशीची ताटली त्याच्यावर.

"गेलं!" हयवदन मटकन खाली बसला. त्या कोर्टाच्या काउंटरवर जयतीर्थ नावाचा कारकून बसे. समास बोटभर कमी पडला तरी तो फाइल परत देई. गेल्या खेपेला शिवणीचा दोरा मळका आहे म्हणून दिली होती. आता हे कुंकू माखलेलं अपील तो घेणार? परसू मेला, आणि वकील त्याच्याआधी.

आत्या हळूच म्हणाली, "त्याने खरंच चोरी केली का रे?"

"नाही गं. साक्षीदाराने अंधारात फक्त पाठ पाहिली, नि म्हणाला हाच तो."

"पाठीवरून? उद्या मलाही धरतील की!" आत्याने वाकून स्वतः गठ्ठा उचलला, चंदनाच्या हाताने पुसला (म्हणजे अजून माखला) आणि बाहेर धरला. "देवाच्या पायाशी पडलं, आता कसलं मैलिगे? घे. पळ!"

जटक्यात, म्हणजे तिथल्या टांग्यात, बसून हयवदन कोर्टात पोचला तेव्हा अपिलं फक्त सकाळीच घेणारं काउंटर बंद व्हायच्या बेतात होतं. जयतीर्थाने चष्मा लावला, गठ्ठा उघडला. आतून तुळशीचं पान गळून त्याच्या तळहातावर पडलं. त्याने वास घेतला.

"हे कुठून आणलंत स्वामी?"

"देवाच्या पायाशी होतं," हयवदन म्हणाला. (शब्द न शब्द खरा. शपथेवरसुद्धा माणूस इतकं खरं बोलत नाही.) "आमच्या पद्मावतीआत्याने स्वतः हाताने दिलं."

आत्याचं मडी मठात येणाऱ्या जयतीर्थालाही ठाऊक होतं. त्याने टेबलाखाली चपला काढल्या. पानं उलटली, समास पाहिला, दोरा पाहिला. सगळं बरोबर होतं. एरवीही असायचं, पण एरवी तो ते असं बघत नसे. मग गठ्ठा डोळ्यांना लावला आणि ठप्प करून शिक्का मारला.

"सरी." म्हणजे ठीक, घेतलं.

हयवदनाने बाहेर येऊन एवढा मोठा श्वास सोडला, की दारातला शिपाई टोपी धरून उभा राहिला.

पुढे न्यायाधीशांनीही तेच विचारलं, पाठीवरून माणूस ओळखला कसा? सरकारी वकिलाला सांगता येईना. परसू सुटला.

एका रविवारी तो नारळ घेऊन घर शोधत आला. हयवदन घाईघाईने कोट चढवून, छाती काढून अंगणात आला. आपल्या अशिलाचं तोंड तो आज पहिल्यांदा बघत होता. परसू त्याला वळसा घालून पुढे गेला आणि ओसरीवरच्या आत्यासमोर लांबूनच आडवा झाला.

"अक्का, जयतीर्थअण्णांनी समदं सांगितलं. तुम्ही होता म्हणून सुटलो!"

"सरी, सरी. ऊठ बाबा," आत्या खूश होऊन म्हणाली.

हयवदन खाकरला. "अहो परसू, मी हयवदन."

परसूने त्याचा काळा कोट, उतरलेला चेहरा नीट पाहिला. त्याला फार दया आली.

"तुमचं बी अपील अक्कांकडंच हाय का? भिऊ नका अण्णा, सुटाल."