साठ टनांच्या काट्यावर बारापात्रे

शहराबाहेर वाडीला ट्रक तोलण्याचा एक धर्मकाटा आहे. दर सोमवारी सकाळी आठ वाजता, कोळशाच्या आणि सिमेंटच्या दोन ट्रकांच्या मध्ये, त्या काट्यावर मधुकरराव बारापात्रे चढतात. चपला बाजूला काढतात, मोबाईल आणि किल्ल्या कठड्यावर ठेवतात, हात सरळ धरतात आणि केबिनकडे पाहून ओरडतात, "मार गा प्रिंट!" आतून पावती येते. तिच्यावर वाहन क्रमांकाच्या जागी 'बारापात्रे' असतं, मालाच्या जागी 'किरकोळ' आणि वजनाच्या जागी एकशे वीस किलो.

हा काटा साठ टनांचा आहे. दहा किलोंच्या आतलं त्याला काही समजत नाही. माणूस एकशे सोळाचा असो की एकशे चोवीसचा, काटा एकशे वीसच दाखवतो. बारापात्रेंना हे माहीत नाही असं नाही. त्याच केबिनमध्ये बसून त्यांनी एकतीस वर्षं ट्रक तोलले आणि तिथूनच ते निवृत्त झाले. तरी दुसऱ्या कुठल्याही काट्यावर त्यांचा विश्वास नाही.

"बाथरूमचा काटा पाय ठेवल्याबरोबर थरथरते," ते म्हणतात. "जो स्वतःच थरथरून राहिला, तो मले काय सांगीन?"

मी अमरावती रोडवरचा त्यांचा शेजारी. आयुष्य वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलं, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला साक्षीदार नेमलं. "तुम्ही छापील माणूस, भाऊ. तुम्ही पाह्यलं म्हणजे पक्कं." त्यामुळे माझेही सोमवार धर्मकाट्यावर जातात.

वजन उतरवायचं ते गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करू, पण आधी एकशे दहावर या. आणि गुडघे हवेत ते शहरातल्या सदर भागातल्या एका जुन्या इमारतीच्या चोपन्न पायऱ्या चढण्यासाठी. तिसऱ्या मजल्यावर त्यांची मोठी बहीण सुमनबाई राहते. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. त्याच सुमारास ह्यांच्या गुडघ्यांनी काम सोडलं. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना इतका अरुंद की कोणाला खुर्चीत बसवून नेता-आणता येत नाही. एकदा प्रयत्न झाला होता. चार भाचे होते, एक प्लास्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीत बारापात्रे होते. पहिल्याच वळणावर खुर्ची अडकली. "ओव्हरलोड! घ्या रिव्हर्स!" हा हुकूमही खुर्चीतूनच सुटला.

त्यांची भाषा अजून काट्यावरचीच आहे. जेवणाआधी ते 'खाली गाडी', म्हणजे रिकामी, असतात, जेवणानंतर 'भरती गाडी'. लग्नात गेले की स्वतःच दोन खुर्च्या एकीत एक घालतात, बसण्यापूर्वी भोवतालच्या मंडळींना "डबल ॲक्सल" असं जाहीर करतात आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसतात. दुसऱ्या कोणाला पहिलं हसण्याची संधी त्यांनी दिल्याचं मी पाहिलेलं नाही.

कॉलनीने त्यांना जिऱ्याचं पाणी, मेथीचं पाणी आणि नुसतं पाणी सुचवलं. एकाने भात सोडायला सांगितलं, दुसऱ्याने पोळी, तिसऱ्याने संध्याकाळचं जेवण. "सगळ्याइचं ऐकलं तं फक्त हवा राहते," बारापात्रे म्हणाले, "आन ती तं टायरात असते."

मार्चमधल्या एका सोमवारी काट्याने एकशे दहा दाखवलं. आदल्या आठवड्यापेक्षा ते फार तर पाव किलोने उतरले असावेत, पण काट्याने एकदम दहा किलो वजा केले. बारापात्रेंनी पावतीला हात जोडले आणि दुपारी ती घेऊन ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पावती वाचली, मालाच्या रकान्यापाशी बराच वेळ थांबले आणि आपल्या काट्याकडे बोट दाखवलं. तो एकशे पंधराला एक दाणा कमी म्हणाला.

"पोरकट काटा आहे," बाहेर येऊन बारापात्रे म्हणाले आणि संध्याकाळी त्यांनी सगळ्या कॉलनीला आलूबोंडे वाटले. स्वतः किती खाल्ले याची नोंद नाही. पुढच्या सोमवारी काटा पुन्हा एकशे वीसवर होता. पावती दोनदा काढली.

"एका आलूबोंड्याचं वजन दहा किलो राहते का गा?" त्यांनी मला गंभीरपणे विचारलं.

त्या दिवशी परतताना मी म्हणालो, "बारापात्रेजी, एक साधा काटा का घेत नाही?"

ते म्हणाले, "दवाखान्यातल्या काट्यावर चढलो की बाकड्यावरचे सगळे माना लांब करतात, आकडा पाहाले. इथं पाहा. माह्या पुढं चाळीस टन, मागं पस्तीस टन. ह्या लायनीत सर्वात हलका मीच."

तरी एक गोष्ट मला जुळत नव्हती. सकाळी ते मैदानाला तीन फेऱ्या मारत. घरी त्यांच्या पत्नी मोजून दोन ज्वारीच्या भाकरी देत, हे मी त्यांच्याकडून स्वतंत्रपणे तपासून घेतलं होतं. मग आकडा अडला कुठे? आलूबोंडे तर एकाच दिवसाचे होते.

उत्तर मला सदरमध्ये सापडलं. काही कामासाठी गेलो होतो, संध्याकाळचे पाच वाजले होते. एका जुन्या इमारतीखाली बारापात्रे स्कूटरला टेकून मान वर करून उभे होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीने एक कापडी पिशवी खाली येत होती. तिच्यात डबा होता. डब्यात सांबारवड्या होत्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आठ, तळलेल्या, वरून खसखस. बारापात्रेंनी पहिली तोंडात टाकली.

"कशी झाली गा मधू?" वरून आवाज आला.

"एक नंबर वं बाई! पण थोडं कमी पाठवत जाय ना."

"कमी काय पाठवू? एवढुसाच तं खातो तू!"

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. चोरीचा ट्रक काट्यावर सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"रोज?" मी विचारलं.

"रविवारी गोड असते," ते हळूच म्हणाले.

मी सुचवलं, निम्मं तसंच परत पाठवा.

"करून पाह्यलं. एकच वडी ठेवली होती. दोरी हातभर वर गेली आन बाई म्हणे, मधू, वडी राहिली. तिचा हात धर्मकाट्याहून बारीक आहे, भाऊ."

"मग सांगून टाका. वजनाचं, ऑपरेशनचं."

बारापात्रेंनी रिकामा डबा रुमालाने पुसला, पिशवीत ठेवला आणि दोरीला एक झटका दिला. पिशवी वर जाऊ लागली. ती गॅलरीत पोचल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"पोरगा आन सून कामावर जातात. दिवसभर ती एकटी. डॉक्टरनं तिले सांगितलं, उभी राहत जा, चालत जा. ती कोणाचं ऐकत नाही. पण चार वाजले की काठी घेऊन ओट्यापाशी जाते, ते ह्या डब्यासाठी. मी नाही म्हटलं तं ती कायले उठीन?"

यावर त्यांनी विनोद केला नाही. ओळख झाल्यापासून ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी चमचा घेऊन हजर झालो. मी गॅलरीच्या बरोबर खाली, भिंतीला चिकटून उभा राहायचो. तिथे वरून कोणी दिसत नाही. आठातल्या सहा वड्या माझ्या. चार महिन्यांत माझं वजन तीन किलो चारशे ग्रॅम वाढलं. हा आकडा भरवशाचा आहे, माझा काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो.

गेल्या सोमवारी धर्मकाट्याने एकशे दहा दाखवलं, सलग सहाव्यांदा. दवाखान्यातल्या पोरकट काट्याने एकशे नऊ पूर्णांक आठ. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि पावती मागून घेऊन फाईलला लावली.

संध्याकाळी बारापात्रेंनी गॅलरीखालून सगळं ओरडून सांगितलं. गुडघे, एकशे दहाची अट, तारीख. पलीकडचा पंक्चरवालाही ऐकत थांबला.

"मंग एवढं वजन उतरवलं कसं गा तू?" सुमनबाई म्हणाली. "माहा डबा तं रोज साफ येत होता."

बारापात्रेंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. सुमनबाई आत गेली. अकरा मिनिटांनी पिशवी खाली आली. डबा नेहमीपेक्षा जड होता आणि झाकणावर दोन चमचे ठेवले होते.

"चार महिन्यापासून डबा लय लवकर वर येऊन राहिला," वरून आवाज आला. "एकटा माणूस इतक्या लवकर नाही खात. वरून दिसत नाही म्हणजे भिंतीपाशीच कोणी आहे, त्याइले म्हण, संकोच करू नका."

डब्यात शिरा होता. बारापात्रे खायला थांबले नाहीत. डबा माझ्या हातात देऊन ते जिन्यापाशी गेले, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि एक पायरी चढले. एकच. मग तिथे उभे राहून, घाम पुसत, त्यांनी जिन्यात हाक मारली,

"बाई, त्रेपन्न राहिल्या वं!"

वर कडी निघाली. काठी टेकल्याचा आवाज आला, पुष्कळ वेळ काहीच नाही, मग पुन्हा एकदा काठी.

"बावन्न म्हण, मधू. मी बी एक उतरली."