धरलेली जागा

परतीच्या विमानाला एकच दिवस उरला होता आणि मी ठरवलं, आज बाजारात एकट्यानं बसनं जायचं. मुलगा मच्छिंद्र म्हणाला, दादा, संध्याकाळी मी गाडीनं नेतो. पण अंबडहून जालन्याच्या कोर्टात बावीस वर्षं अप-डाउन केलेला कारकून हॅम्बुर्गच्या बसला काय भिणार? पिशवीत पासपोर्ट टाकला आणि निघालो. (मूळ कागद जवळ बाळगायचा, ही कोर्टातली खोड.)

पंधरा दिवसांत हे शहर मला काही उमगलं नव्हतं. रस्त्यात कुणी ‘कुठं निघाले?’ म्हणून विचारत नाही. हॉर्न वाजत नाही. स्टॉपवर तर बसची वेळ चक्क १०.०७ लिहिलेली. (आमच्या स्टँडवर सात मिनिटांची जबाबदारी घ्यायला कुणी तयार होणार नाही.)

बस आली. खिडकीची वरची फट उघडी दिसली आणि हात आपोआप उठला. पिशवी थेट सीटवर. स्टॉपवर आम्ही चौघंच होतो आणि अख्खी बस रिकामी होती, हे मागाहून ध्यानात आलं.

जागा धरली की माणूस निवांत होतो. बाकीच्या तिघांना मी हातानंच ‘आधी तुम्ही’ म्हटलं आणि मागं सरून कंडक्टरची वाट बघत उभा राहिलो. तो चहा पिऊन येणार, डबल बेल देणार, मग आपण चढायचं. तिथं बसला कंडक्टरच नसतो. १०.०७ ला दार मिटलं आणि माझा पासपोर्ट खिडकीशी बसून निघून गेला.

मी खरोखर घाबरलो. पासपोर्ट नाही तर उद्याचं विमान नाही. चालत घरी आलो. बायकोनं, द्वारकाबाईनं, भरलेली बॅग परत सोडायला घेतली, त्यानं जास्तच घाबरलो. मच्छिंद्रनं ऑफिसातून दहा फोन केले, तेव्हा कुठं संध्याकाळी आम्हा दोघांना डेपोतून पिशवी मिळाली. ड्रायव्हरनं मच्छिंद्रला सांगितलं, सहा फेऱ्या झाल्या, गर्दी झाली, लोक उभे राहिले, पण पिशवी कुणी हलवली नाही.

माझा ऊर भरून आला. घरी आल्या आल्या बायकोला म्हणालो, “बावीस वर्षांत माझी जागा इतकी कुणी राखली न्हाई.”

“बराबर आहे,” ती म्हणाली. “पिशवीनं समदं शहर पाह्यलं, तुमी नुसता स्टॉप. आता अंबडात कुणी इचारलं हॅम्बुर्ग कसं आहे, तर तुमी गप बसा. तिला सांगू द्या.”