साळवेकाकांचे नास्तिक

आमच्या मजल्यावरचे शमुवेल साळवे रोज सकाळी माझी तक्रार करतात. पोलिसांकडे नाही, म्हाडाकडे नाही, थेट देवाकडे. आणि मोठ्याने. बीडीडी चाळीतल्या त्यांच्या खोलीचं दार उघडं असतं, बाहेरच्या पॅसेजमध्ये कोणी बादली घेऊन, कोणी ब्रश तोंडात धरून उभं असतं, आणि आतून आवाज येतो, "हे प्रभू, परबांची मुलगी. तुला माहीत आहेच. नायगाव, तिसरा मजला, जिन्यावरून आलं की डाव्या हाताची शेवटची खोली. तिला सद्बुद्धी दे."

सर्वज्ञ देवाला पत्ता कशाला लागतो, असं मी एकदा विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "पुनर्विकास चाललाय. माणसं इकडची तिकडे होतायत. भलत्याच खोलीत सद्बुद्धी जायला नको."

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहिते आणि दादरला फुटपाथवर उभी राहून वाटते. त्यामुळे काकांच्या प्रार्थनेत माझा नंबर पहिला. माझ्यामागे दुसऱ्या मजल्यावरचे कॉम्रेड तांबे, आणि मग एक डॉक्टर, ज्यांनी काकांना तोंडावर सांगितलं होतं की रक्तदाब गोळीने उतरतो, प्रार्थनेने नाही. मी आईकडे कुरकुर केली की हा माझ्या विचारांचा अपमान आहे. आई मालवणची. ती म्हणाली, "कोणाचोय देव असांदे, तुझ्यासाठी मागतत मा ते? गप ऱ्हव."

काका मूळचे नगरकडचे, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, भेटल्यावर "सलाम", निघताना "सलाम", आणि मधल्या वेळात माझ्या नरकवासाची सविस्तर चर्चा. नास्तिकांविषयी त्यांचं स्वतःचं शास्त्र आहे. नास्तिक दारू पितो. माझ्या हातात स्टीलची बाटली दिसली की ते वास घेण्यासाठी पुढे वाकतात. नास्तिक म्हाताऱ्या आईबापांना बघत नाही. नास्तिकाला झोप लागत नाही, आणि लागली तर तो झोपेत देवाचं नाव घेतो. एकदा पॅसेजमधून त्यांची नवी चप्पल गेली. अख्ख्या मजल्यावर वीस खोल्या, पण चौकशीला ते पहिले आमच्या दारात. का, तर ज्याला देवाची भीती नाही त्याला चपलेची काय असणार.

मी भडकले. म्हटलं, "काका, तुरुंगात जाऊन बघा. प्रत्येक बराकीत देवाचा फोटो आहे."

"बघ," काका खूश होऊन म्हणाले, "तिथेसुद्धा पोचलाय तो."

अशा माणसाशी वाद कसा घालायचा? चप्पल पुढे त्यांच्याच पलंगाखाली सापडली. काकांनी माझी माफी मागितली नाही. देवाचे आभार मात्र मानले, पॅसेजला ऐकू जातील असे.

आता आमच्या बाजूचं सांगते, नाहीतर सगळी अक्कल आमच्याकडे आहे असा समज व्हायचा. आमच्या गटात देव कोणी मानत नाही, पण सर्वज्ञ बरेच आहेत. त्यातला सर्वात मोठा प्रसाद. नाव आईवडिलांनी ठेवलंय, त्याचा दोष नाही. प्रसादच्या मते ख्रिस्ती म्हणजे गव्हासाठी आणि दुधाच्या भुकटीसाठी धर्म बदललेले लोक. घरी आले की औषधाच्या बाटलीआडून पुस्तिका काढणार, मुलाला चॉकलेट देऊन येशू चिकटवणार. तो एकाही ख्रिस्ती घरात कधी जेवलेला नाही. माहिती सगळी फॉरवर्ड होऊन आलेली. आणि ती त्याला पाठवणारे लोक नास्तिक नाहीत, प्रसादच्याच आजीच्या सोवळ्याचे गोडवे गाणारे आहेत, हे त्याच्या कधी लक्षात आलं नाही. पुरावा मागायची सवय आम्ही फक्त दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो.

साळवेकाकांच्या नास्तिक-शास्त्रामागे एक घरचा नास्तिक आहे, हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा डॅनी पुण्यात कॉलेजात शिकवतो. तीन वर्षांपूर्वी मार्थाकाकू गेल्या. अंत्यविधीला चर्चमध्ये शास्त्रपाठ मुलाने वाचायचा असं ठरलं होतं. डॅनीने नकार दिला. म्हणाला, मी जे मानत नाही ते आईच्या पेटीसमोर उभा राहून वाचणं म्हणजे तिच्याशी खोटं बोलणं. काकांनी चर्चच्या आवारात, पाळकसाहेबांच्या आणि सगळ्या मंडळीच्या देखत त्याला विचारलं, "ज्याला देव नाही त्याला आई कुठली?" डॅनीने माती दिली आणि तिथूनच पुण्याला गेला. तेव्हापासून फोनवर फक्त "गोळ्या घेता ना?" आणि "घेतो." घरात पाऊल नाही.

आणि नव्या वर्षात आमची चाळ रिकामी होणार होती. म्हणजे काकूंनी ज्या खोलीत करंज्या तळल्या, डॅनी ज्या खोलीत रांगला, तिथला हा शेवटचा नाताळ. तो आला नाही तर पुढे कधी यायचं त्याला कारणही उरणार नव्हतं. काकांनी फोनवर बोलावलं होतं. डॅनी "बघतो" म्हणाला होता.

नेमकी त्याच दिवसांत आमच्या गटाने दादरला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये खुली चर्चा ठेवली. विषय होता, देवाशिवाय नीती शक्य आहे का. कोणी श्रद्धावान बोलायला तयार होईना, म्हणून मी काकांना विचारलं. ते लगेच तयार झाले. इतके नास्तिक एका जागी बसलेले त्यांना आयुष्यात पुन्हा कुठे मिळणार होते.

चर्चेत नीती आलीच नाही. प्रसादने माईक हातात घेतल्या घेतल्या विचारलं की साळवेसाहेब, तुमच्या आजोबांनी धर्म किती किलो गव्हाला बदलला? हॉलमध्ये हशा पिकला. विवेकवादी हशा. काका उठून उभे राहिले. शर्टाची बाही सारखी केली.

"गहू नव्हता," ते म्हणाले. "पाणी होतं. गावच्या विहिरीवर आजोबांना भरू देत नव्हते. मिशनच्या विहिरीवर भरू दिलं."

इथे बसले असते तर काका जिंकले होते. पण समोर नास्तिक असताना ते बसतात कसले? ते पुढे म्हणाले की तुमच्यासारखे लोक बाप म्हातारा झाला की त्याला वाऱ्यावर सोडतात. मागून कोणीतरी सहज विचारलं, "तुमचा मुलगा काय करतो, काका?"

काका म्हणाले, "पुण्याला असतो." आणि खाली बसले. माईक चालूच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले. मला वाटलं, आता शाप. पण त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्यात काय काय चालतं?"

मला कळेना. मग लक्षात आलं की डॅनीने येतो म्हणून कळवलंय, आणि काका पथ्यपाणी विचारतायत. नास्तिकांना नाताळचा फराळ चालतो का? केक चालत असेल, पण वर तारा काढलेला असला तर? मटण कुठल्या वारी वर्ज्य वगैरे? मी म्हटलं, "काका, नास्तिक ही जात नाही. उपास नाही आमच्यात. काहीही खातो."

"असं कसं," काका म्हणाले, "काहीतरी असेलच ना."

त्यांच्या खोलीत गेले तर भिंती उघड्या. बायबलमधल्या वचनांच्या पाट्या काढून पलंगाखाली सारलेल्या, आणि त्यांच्या जागी रंग न उडालेले चौकोन. मी चिडले. म्हटलं, "परत लावा त्या. नास्तिक माणूस पाटी बघून जळत नाही."

"जळत नाही," काका म्हणाले. "निघून जातो."



त्यांनी मला नाताळच्या जेवणाला बोलावलं. प्रेमाने वगैरे नाही. "तुला त्याची भाषा येते, कुठे चुकलो तर सांग," म्हणाले. म्हणजे मी दुभाषी.

डॅनी आला. बापासारखाच उंच, कडक इस्त्रीचाच शर्ट. उघड्या भिंतींकडे त्याने एकदा पाहिलं. काका "रस्त्यात त्रास झाला का" म्हणाले, तो "नाही" म्हणाला. मग दोघांनी मिळून पाच मिनिटं पुण्याच्या थंडीचा विषय ताणला. शेवटी ताटं वाढली. मटण, भाकरी, भात. चर्चमधल्या बायकांनी दिलेल्या करंज्या.

कोणी जेवेना.

काका पाणी प्यायले. भात सारखा केला. कांदा डॅनीकडे सरकवला. प्रार्थना करायची नाही असं त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसत होतं, पण प्रार्थनेशिवाय पहिला घास त्यांच्या हाताने उचलवत नव्हता. आणि पलीकडे हा डॅनी, पुण्याचा कट्टर नास्तिक, हात मांडीवर ठेवून, मान किंचित खाली घालून बापाने सुरुवात करायची वाट बघत बसलेला. एकमेकांच्या श्रद्धेची टिंगल करताना या दोघांची जीभ कधी अडली नव्हती. आज मान द्यायचा म्हणून दोघेही मुके. मटणावरचा तवंग गोठू लागला.

शेवटी मला राहवलं नाही. भूकही लागली होती. मी म्हटलं, "काका, करा की प्रार्थना."

काकांनी डॅनीकडे पाहिलं. "नको," म्हणाले. "त्याला..."

"करा पप्पा," डॅनी म्हणाला. "थोडक्यात."

काकांनी हात जोडले. डॅनीने डोळे मिटले, लहानपणी शिकवल्यासारखे, घट्ट. मी मिटले नाहीत. मानत नाही ते मी करत नाही. म्हणून एवढं सांगू शकते की त्या खोलीत आणखी एका माणसाचे डोळे उघडे होते. काका प्रार्थना करत होते, अगदी सावकाश, थोडक्यात अजिबात नाही, आणि पूर्ण वेळ मुलाकडे बघत होते.