ऑर्विनचा गुप्त विभाग

सकाळचे दहा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि ऑर्विन स्टॅडलीने स्वयंपाकघराचे पडदे ओढून घेतले. मग मागच्या दाराची कडी तपासली. मग अंगणात जाऊन बाहेरून आतलं काही दिसतं का, ते पाहून आला. टेबलापाशी कॉम्प्युटरसमोर बसलेली त्याची बायको व्हर्ला हा सगळा प्रकार चष्म्यावरून बघत होती. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात दर वसंतात तिने हेच पाहिलं होतं. फक्त पूर्वी टेबलावर कागद असायचा आणि तो ऑर्विन स्वतः भरायचा; यंदापासून अर्ज कॉम्प्युटरवर भरायचे झाले होते.

"झालं तुझं? आता विभाग सांग," ती म्हणाली.

प्रश्न साधा होता. एल्कच्या, म्हणजे सांबराहूनही मोठ्या हरणाच्या शिकारीचे परवाने मोजकेच निघतात. सगळा डोंगर विभागांत वाटलेला, एका विभागाला कुठे पाच परवाने, कुठे दहा. अर्ज भरायचा आणि सोडतीची वाट बघत बसायचं. पण कोल्टर गावातला माणूस एक वेळ डॉक्टरने मूळव्याधीबद्दल काय सांगितलं ते चारचौघांत सांगेल, आपला विभाग सांगणार नाही. ऑर्विनचा विभाग होता एकोणीस. बावीस वर्षं तो एकोणीससाठी अर्ज करत होता, बावीस वर्षं त्याचं नाव निघालं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत तो आकडा त्याने कुणापाशी उच्चारला नव्हता. बायकोपाशी तर नाहीच. व्हर्लाची धाकटी बहीण गावातल्याच ड्वेनला दिलेली, दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर तासभर बोलायच्या, आणि ह्या ड्वेनला एकोणीसचा परवाना चक्क दोनदा लागला होता. माणसाला दोनदा लागतो कसा, ह्याचा ऑर्विन गेली नऊ वर्षं विचार करत होता.

"चाळीस," ऑर्विन म्हणाला.

व्हर्लाची बोटं थांबली. "चाळीस? तिथे तर दगडांशिवाय काही नाही."

"तुला काय करायचंय? मी सांगतो ते भर."

तिने भरलं. ऑर्विनचा बेत पक्का होता. शेवटच्या दिवशी रात्री आठपर्यंत अर्जात बदल करता येतो, हे त्याने नियमांच्या पुस्तकात तीनदा वाचलं होतं. त्या दिवशी दुपारी व्हर्ला चर्चच्या गोधड्या शिवायला जाणार होती. ती गेली की चाळीस खोडायचं आणि एकोणीस घालायचं. ड्वेनपर्यंत चाळीस पोचेल, आणि आपण मोकळे.

खरं तर त्याला हा कॉम्प्युटर मुळातच पटला नव्हता. पण विश्वास ठेवावा असं पूर्वीही काही नव्हतं. तो तरुण असताना जत्रेच्या मैदानावरच्या मंडपात पत्र्याचं पिंप फिरवून सोडत निघायची. सगळं गाव डबे घेऊन जमायचं. शाळेच्या मुख्याध्यापिका डोळे मिटून पिंपात हात घालायच्या. ऑर्विनच्या मते एक डोळा किलकिला ठेवायच्या. लोक आपला अर्ज पंख्यासारखा चुण्या घालून दुमडायचे, म्हणजे हाताला लागावा. पुढे सोडत राजधानीत गेली आणि अर्ज पोस्टाने पाठवायचे झाले. गावच्या पोस्टातल्या मिसेस ऑल्सेन पाकिटं उजेडाला धरून बघतात, अशी त्याची खात्री होती, म्हणून तो साठ मैल गाडी हाकून दुसऱ्या गावाहून अर्ज टाकायचा. मग गुणांची पद्धत निघाली. ज्या वर्षी नाव निघणार नाही त्या वर्षी एक गुण, आणि जितके गुण जास्त तितकी पुढल्या वेळी आशा जास्त. लोकांनी गप्प बसावं म्हणून हे लिमलेटच्या गोळ्यांसारखे गुण वाटतात, असं ऑर्विन म्हणायचा. पण स्वतःचे बावीस गुण त्याने जिवापाड जपले होते. एकदा नाव निघालं की ते सगळे पुसले जाऊन पुन्हा शून्य. म्हणून नाव निघायचं तर एकोणीसमध्येच निघायला हवं होतं. गुडघ्यांत अजून दोन-तीन वर्षांची चढण शिल्लक होती, जास्त नाही.

शेवटच्या दिवशी व्हर्ला सुया-दोरे घेऊन गेली. ऑर्विनने पडदे ओढले, एका बोटाने कॉम्प्युटर सुरू केला, आणि त्याने पासवर्ड मागितला.

ह्याचा त्याने विचारच केला नव्हता. व्हर्लाला फोन करून विचारावं, तर "तुला कशाला हवाय?" हा प्रश्न येणार, आणि तोही गोधड्या शिवणाऱ्या अकरा बायकांच्या देखत. त्याने कुत्र्याचं नाव घालून पाहिलं. मग आधीच्या कुत्र्याचं. मग त्याला वाटलं, बायकांचं मन असं असतं, लग्नाची तारीख असणार. त्याने तारीख घातली. कॉम्प्युटरने सांगितलं की तीन प्रयत्न संपले, आता चोवीस तासांनी या. नंतर कळलं ते असं की पासवर्ड लग्नाचीच तारीख होती. ऑर्विनने आठ घातली होती, लग्न अठराला झालं होतं.

तरीही तो फारसा घाबरला नाही. बावीस वर्षं जे नाव निघालं नाही ते ह्याच वर्षी कशाला निघेल? जूनमध्ये व्हर्लाने कॉम्प्युटर उघडला, आणि हसतमुखाने ओट्यापाशी ऑर्विनकडे आली. चाळीसच्या पाच परवान्यांसाठी ह्या वर्षी एकच अर्ज आला होता. ऑर्विनचं नाव निघालं होतं, आणि त्याचे गुण शून्य झाले होते.

ऑर्विन दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पशुखाद्याच्या दुकानात गेला. तिथे शेगडीभोवती सगळ्यांची सकाळची कॉफी व्हायची. कोणता परवाना लागला, असं ड्वेनने विचारल्यावर त्याला खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. चाळीस, असं त्याने सांगून टाकलं. सगळे एकमेकांकडे बघून समजूतदारपणे हसले. ऑर्विन गेली वीस वर्षं त्याच शेगडीपाशी बसून चाळीसची तारीफ करत आला होता, लोकांनी तिकडे वळावं आणि एकोणीसकडे फिरकू नये म्हणून.

ऑक्टोबरात तो गेला, तो केवळ नाही गेलो तर लोक काय म्हणतील म्हणून. गाडी चालवायला व्हर्ला. दोन दिवस खरोखरच दगडांशिवाय काही दिसलं नाही. तिसऱ्या पहाटे ती दोघं एका उघड्याबोडक्या कड्यावर धापा टाकत चढली आणि पलीकडे बघून तिथेच खाली बसली. कड्यामागे गवताचं लांबलचक कुरण होतं आणि त्यात साठेक एल्क निवांत चरत होते. वीस वर्षांत कुणी त्यांच्या वाटेलाच गेलं नव्हतं. ऑर्विनने एकच गोळी झाडली. सहा-सहा फाट्यांच्या शिंगांचा तो नर पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि व्हर्लाने ते न पाहिल्यासारखं केलं. मांस गाडीपर्यंत आणायला दोघांना तीन खेपा लागल्या. गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

गावात शिरताना त्याने व्हर्लाला मुद्दाम मुख्य रस्त्याने गाडी घालायला लावली. शिंगं दिसतील अशी मागे बांधली होती. दुकानासमोर गर्दी जमली, लोकांनी टेपने शिंगं मोजली आणि मग ड्वेनने टेप गुंडाळत विचारलं, "कुठे मारलास?"

"चाळीसमध्ये."

"बरं. आणि खरं?"

"खरंच चाळीसमध्ये. कड्याच्या मागे कुरण आहे. साठ तरी होते."

असा हशा बऱ्याच दिवसांत त्या दुकानात झाला नव्हता. ऑर्विन चिडला. त्याने आईची शपथ घेतली, मग बायबलची. पण तो जितका कळवळून सांगू लागला तितके लोक गप्प होत गेले. जन्मभर थापा मारणारा माणूस एवढा जीव तोडून कधी सांगत नाही, तेव्हा प्रकरण थापेच्या पुढचं असणार, असं सगळ्यांना एकदमच वाटलं. व्हर्ला सोबत होती असं तो म्हणाला, तेव्हा बायकोची साक्ष कोण धरतो, असं कुणीतरी पुटपुटलं. ड्वेन बाहेर जाऊन फोनवर बोलत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्यजीव खात्याची वॉर्डन, रोमेरो नावाची तरुण बाई, दारात हजर झाली. तक्रार आली होती. परवाना चाळीसचा आणि जनावर दुसऱ्या विभागातलं, म्हणजे सरळ चोरटी शिकार. सिद्ध झालं तर शिंगं जप्त, बंदूक जप्त आणि पाच वर्षं अर्ज करायला बंदी. ऑर्विनने मनातल्या मनात हिशेब केला. पाच वर्षांनी तो शहात्तरचा होणार होता. ह्या गुडघ्यांना पाच वर्षं म्हणजे कायमचं.

फाटकाबाहेर ड्वेनची गाडी उभी होती. तिच्यामागे आणखी काही गाड्या होत्या.

"तुम्ही एकोणीसमध्ये गेला होतात, असं लोकांचं म्हणणं आहे," वॉर्डन म्हणाली.

ऑर्विन ओरडला, "एकोणीस? एकोणीसचं कुणी काढलं?"

"अरे ऑर्विन, सगळ्या गावाला माहीत आहे," फाटकावर हात ठेवून ड्वेन म्हणाला. "बावीस वर्षं तू एकोणीसच भरतोयस."

"कुणी सांगितलं? ही बोलली?"

"ती कशाला बोलेल? पोस्टकार्डं यायची की. 'आपले नाव निघाले नाही, विभाग एकोणीस.' उघडी कार्डं. मिसेस ऑल्सेन पोस्टातल्या तुझ्या खणात टाकायच्या आधी आम्हाला वाचून दाखवायच्या. मग दुकानात येऊन तू चाळीसचं कौतुक करायचास, आणि आम्ही घरी जाऊन एकोणीस भरायचो."

साठ मैल गाडी हाकून पाठवलेल्या अर्जांची उत्तरं गावच्या पोस्टात अशी उघड्यावर येऊन पडत होती. ती कार्डं ऑर्विनने दरवर्षी स्वतःच्या हाताने शेगडीत जाळली होती, आणि आता पुरावा उरला नाही म्हणून समाधानाने झोपला होता. त्याने व्हर्लाकडे पाहिलं.

"मलाही माहीत होतं," ती शांतपणे म्हणाली. "तू चाळीस म्हणालास तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी शहाणा झाला."

आता उपाय एकच होता. जनावर जिथे पडलं ती जागा वॉर्डनला दाखवायची. आतडी अजून तिथे असणार, त्यांचा नमुना मांसाशी जुळला की प्रश्न मिटला. म्हणजे जन्मात पहिल्यांदा सापडलेली खरोखरीची गुप्त जागा स्वतः हात धरून दाखवायची. ऑर्विनने वॉर्डनला विचारलं की आपण दोघंच गेलो तर चालेल का? रस्ता सरकारी आहे, मागून येणाऱ्यांना मी कशी अडवू, असं ती म्हणाली. मग तो निमूटपणे गाडीत बसला. व्हर्लाने गाडी काढली, तिच्यामागे वॉर्डन, वॉर्डनच्या मागे ड्वेन आणि ड्वेनच्या मागे नऊ गाड्या. मिसेस ऑल्सेनसुद्धा होत्या. पोस्ट त्या दिवशी बंद होतं.

कड्यावर पोचायला सगळ्यांना दुपार झाली. जागा सापडली. कावळ्यांनी आणि कोल्ह्यांनी बरंच खाल्लं होतं, पण नमुन्यापुरतं शिल्लक होतं. वॉर्डनने जागेचे आकडे टिपले, फोटो काढले, नमुना पिशवीत बंद केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की जागा चाळीसमध्येच आहे, दोन मैल आत. नमुना जुळला की हे प्रकरण मिटलं. तिने ऑर्विनशी हात मिळवला. तो मान वर करून ड्वेनकडे वळला. निदान माफीचे दोन शब्द ऐकावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

ड्वेन त्याच्याकडे बघतच नव्हता. कुणीच बघत नव्हतं. सगळं गाव कड्याच्या कडेला रांगेने उभं राहून खाली कुरणात बघत होतं. खाली एल्क चरत होते, परवापेक्षा जास्तच.

"कुणाची तरी गुरं दिसतात," शेवटी ड्वेन म्हणाला.

"गुरंच ती," मागून एकजण म्हणाला. "आणि रोडावलेली."

मिसेस ऑल्सेन म्हणाल्या की त्यांना तर चष्म्यातून काहीच दिसत नाही. कुणी रस्त्याला नावं ठेवली, कुणी पाण्याला. दुसऱ्याने मान डोलावली की तिसरा त्याच्याकडे संशयाने बघायचा. ऑर्विन ऐकत राहिला. हा सूर त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. वॉर्डन त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि वही मिटत तिने हळूच विचारलं, "चाळीसचे परवाने पाचच निघतात ना हो? बाहेरच्या जिल्ह्यातल्या माणसाला भरता येतो अर्ज?"

ऑर्विन कडा उतरायला लागला. बावीस गुण गेले होते, कुरण गेलं होतं आणि माफीही मिळाली नव्हती. गाडीत बसल्यावर व्हर्लाने किल्ली फिरवली, पण गाडी हलवली नाही. काचा खाली होत्या आणि दोन हातांवर ड्वेन आपल्या गाडीला टेकून, हाताचा आडोसा करून वहीत काहीतरी लिहून घेत होता.

"आता वसंतात काय भरू?" तिने विचारलं.

ऑर्विनने रांगेतल्या सगळ्या गाड्यांवरून एकदा नजर फिरवली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून मोठ्याने, स्पष्ट, म्हणाला, "एकोणीस."

एकानेही मान वळवली नाही. व्हर्ला हसायला लागली, आणि थोड्या वेळाने तोही हसला.